मतपेटीतले पूर्वज

केंटकी राज्याच्या पूर्वेकडच्या डोंगरात एलियट नावाची एक लहानशी कौंटी, म्हणजे जिल्हा, आहे. १८६९ साली ती स्थापन झाली आणि तेव्हापासून २०१२पर्यंतच्या प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत तिनं डेमोक्रॅटिक पक्षालाच कौल दिला. आजूबाजूच्या कौंट्या एकेक करून रिपब्लिकन पक्षाकडे गेल्या, तरी एलियट हलली नाही. वस्ती जवळजवळ सगळी गोरी आणि ग्रामीण. तरीही २०१२ साली बराक ओबामांना तिथं निसटतं का होईना, मताधिक्य मिळालं. चारच वर्षांनी त्याच कौंटीत डोनाल्ड ट्रम्प यांना सत्तर टक्के मतं पडली.

तिथून दक्षिणेला गेलं की पूर्व टेनेसी लागतं. डोंगर तेच, ॲपलेशियाचे. माणसंही त्याच मुळाची: अठराव्या शतकात उत्तर आयर्लंडमधून आणि स्कॉटलंड-इंग्लंडच्या सीमाभागातून आलेल्या कुटुंबांचे वंशज. पण पूर्व टेनेसी यादवी युद्धापासून आजतागायत रिपब्लिकन आहे. सगळी दक्षिण डेमोक्रॅटिक पक्षाच्या मुठीत होती, त्या काळातही इथून रिपब्लिकन प्रतिनिधीच वॉशिंग्टनला जात राहिले.

पूर्वज सारखे आणि मत शतकभर उलटं, हे कसं? अमेरिकेतल्या मतदानाचा अभ्यास करणारे इतिहासकार, भूगोलतज्ज्ञ आणि राज्यशास्त्रज्ञ या कोड्याशी गेली साठ-सत्तर वर्षं झुंजत आहेत. अमेरिकन माणूस मत देतो तेव्हा त्याच्या खिशाबरोबर आणि शिक्षणाबरोबर त्याच्या पणजोबाचं गाव, चर्च आणि युद्धही बोलत असतं, हे आता कोणी नाकारत नाही. वाद आहे तो हा वारसा नेमका कशातून वाहतो आणि कधी आटतो, याबद्दल.

पहिल्या वस्तीचा ठसा

भूगोलतज्ज्ञ विल्बर झेलिन्स्की यांनी १९७३ साली एक सूत्र मांडलं. एखाद्या प्रदेशात जो गट पहिल्यांदा पाय रोवून टिकाऊ समाज उभारतो, तो संख्येनं लहान असला तरी त्या प्रदेशाचा स्वभाव ठरवतो. मागून हजारोंनी आलेले लोकही त्याच चाकोरीत बसतात. त्याआधी १९६६ साली राज्यशास्त्रज्ञ डॅनियल एलझार यांनी अमेरिकी राज्यांच्या तीन राजकीय संस्कृती सांगितल्या होत्या. एका संस्कृतीत राजकारण हे समाजाच्या भल्याचं साधन मानलं जातं, दुसरीत तो देवाणघेवाणीचा व्यवहार असतो आणि तिसरीत प्रस्थापित घराण्यांचा हक्क. या तिन्ही संस्कृती किनाऱ्यावरून पश्चिमेकडे सरकत गेलेल्या स्थलांतराच्या वाटांवर पसरल्या, असं त्यांचं म्हणणं होतं.

या विचाराला सर्वांत भक्कम रूप दिलं डेव्हिड हॅकेट फिशर यांच्या १९८९च्या ‘ॲल्बियन्स सीड’ या जाडजूड ग्रंथानं. ब्रिटनमधून अमेरिकेत चार मोठ्या लाटा आल्या आणि प्रत्येक लाट स्वातंत्र्याची वेगळी कल्पना घेऊन आली, हा त्याचा गाभा. १६२९ ते १६४०च्या सुमारास पूर्व इंग्लंडमधले प्युरिटन मॅसॅच्युसेट्सला आले. त्यांच्या लेखी स्वातंत्र्य म्हणजे गावानं एकत्र बसून आपला कारभार आपण ठरवणं. सतराव्या शतकाच्या मध्यापासून दक्षिण इंग्लंडमधले जमीनदार आणि त्यांनी करारावर आणलेले मजूर व्हर्जिनियात उतरले. तिथं स्वातंत्र्य हा वरच्यांचा मान होता. १६७५नंतर क्वेकर पंथीय डेलावेअर नदीच्या खोऱ्यात आले. स्वतःला जो हक्क हवा तो शेजाऱ्यालाही द्यायचा, ही त्यांची धारणा. शेवटी १७१७ ते १७७५ या काळात सीमाभागातले आणि उत्तर आयर्लंडमधले लढवय्ये, गरीब लोक ॲपलेशियाच्या डोंगरात शिरले. त्यांची एकच मागणी होती: सरकारनं, सावकारानं आणि शहाण्यांनी आमच्या वाटेला जाऊ नये.

यातला फरक कागदोपत्री दिसतो. मॅसॅच्युसेट्सनं १६४७ सालीच कायदा केला की पन्नास घरांच्या प्रत्येक गावानं शिक्षक नेमला पाहिजे. व्हर्जिनियाचे गव्हर्नर विल्यम बर्कली यांनी १६७१ साली लंडनला कळवताना, आपल्या वसाहतीत मोफत शाळा नाहीत आणि छापखानेही नाहीत याबद्दल देवाचे आभार मानले होते. सार्वजनिक शिक्षण, कर आणि सरकारची व्याप्ती यांवरून अमेरिकेत आज जे भांडण चालतं, त्याची एक बाजू आणि दुसरी बाजू साडेतीनशे वर्षांपूर्वीच बोलू लागली होती. पुढे कॉलिन वुडर्ड यांनी २०११ साली हाच धागा ताणून उत्तर अमेरिकेत अकरा ‘राष्ट्रं’ असल्याचं मांडलं. निवडणुकांच्या रात्री टीव्हीवर दिसणाऱ्या लाल (रिपब्लिकन) आणि निळ्या (डेमोक्रॅटिक) नकाशाला या पुस्तकानं अनेक वाचकांसाठी एक पूर्वेतिहास दिला.

पक्ष बदलले, प्रदेश तेच राहिले

व्हरमाँट हे या मांडणीचं आवडतं उदाहरण. प्युरिटनांच्या वंशजांनी वसवलेल्या या राज्यानं १८५६ ते १९८८ या काळात फक्त १९६४चा अपवाद वगळता प्रत्येक वेळी रिपब्लिकन अध्यक्षीय उमेदवाराला मत दिलं. १९३६ साली फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या लाटेत सगळा देश वाहून गेला, तेव्हा मेन आणि व्हरमाँट ही दोनच राज्यं विरोधात उभी राहिली. १९९२पासून मात्र व्हरमाँट एकदाही रिपब्लिकन झालेलं नाही. २०२० आणि २०२४ अशा दोन्ही निवडणुकांत डेमोक्रॅटिक उमेदवाराला सर्वाधिक टक्केवारी देणारं राज्य तेच ठरलं. दरम्यान दक्षिणेनं उलटा प्रवास केला. १९६४ साली नागरी हक्क कायद्याला विरोध करणारे बॅरी गोल्डवॉटर देशभर आपटले. पण खोल दक्षिणेतली पाच राज्यं त्यांनी जिंकली. पक्षांच्या पाट्या बदलल्या. व्हरमाँट ज्यात येतं तो न्यू इंग्लंड आणि खोल दक्षिण एकमेकांसमोर उभे होते ते तसेच उभे राहिले.

तरीही हा सिद्धान्त डोळे मिटून स्वीकारता येत नाही. चार ब्रिटिश लाटांच्या कथेत आफ्रिकेतून जबरदस्तीनं आणलेले लोक कुठं आहेत, हा आक्षेप पहिल्या दिवसापासून घेतला गेला. फिशर यांनी स्वतः त्याचं उत्तर २०२२ साली ‘आफ्रिकन फाउंडर्स’ हा स्वतंत्र ग्रंथ लिहून दिलं. आणि एलियट-टेनेसीचं कोडं तर या मांडणीत सुटतच नाही. एकाच लाटेतली माणसं दोन पक्षांत विभागली गेली, कारण त्यांच्यात आणि त्यांच्या ब्रिटिश पूर्वजांमध्ये १८६१ ते १८६५चं यादवी युद्ध उभं होतं.

पूर्व टेनेसीच्या डोंगरी जमिनीत कापसाचे मळे होत नव्हते, म्हणून गुलामही कमी होते. तिथल्या शेतकऱ्यांनी राज्य फुटून निघालं तरी संघराज्याची बाजू घेतली आणि त्याची शिक्षाही भोगली. युद्धानंतर लिंकनचा रिपब्लिकन पक्ष हा त्यांचा घरचा पक्ष झाला. टेक्सासमध्ये फ्रेडरिक्सबर्गच्या आसपासच्या जर्मन वसाहतींनीही गुलामगिरीला आणि फुटून निघण्याला विरोध केला. १८६२ साली न्यूएसेस नदीकाठी त्यांच्यातल्या अनेकांना फुटून निघालेल्या दक्षिणेच्या कॉन्फेडरेट सैन्यानं ठार केलं. पुढची कित्येक दशकं डेमोक्रॅटिक टेक्सासमध्ये ही रिपब्लिकन बेटं टिकून होती. इथं जे वारशानं आलं, ते सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपातून आलेलं नव्हतं. ते अमेरिकेच्या मातीतच, एका युद्धात घडलेलं होतं.

मातीचा संबंध अलाबामा आणि मिसिसिपीत अगदी शब्दशः आहे. डायनोसॉरांच्या काळात इथं उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी साचलेल्या चुनखडीतून पुढे काळी, सुपीक जमीन तयार झाली. एकोणिसाव्या शतकात तिथं कापसाचे मळे आले आणि मळ्यांवर राबायला लाखो गुलाम. १८६० साली अमेरिकेत जवळपास चाळीस लाख माणसं गुलामगिरीत होती. त्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यात आजही कृष्णवर्णीय बहुसंख्य आहेत आणि निवडणुकीच्या नकाशावर तो लाल राज्यांच्या मधोमध निळा चाप म्हणून उठून दिसतो.

त्याच पट्ट्यातल्या गोऱ्या मतदारांचं काय झालं, हे अविदित आचार्य, मॅथ्यू ब्लॅकवेल आणि माया सेन यांनी ‘डीप रूट्स’ या २०१८च्या पुस्तकात तपासलं. १८६०च्या जनगणनेत ज्या कौंटीत गुलामांचं प्रमाण अधिक होतं, तिथले गोरे आजही दक्षिणेतल्या इतर गोऱ्यांपेक्षा अधिक रिपब्लिकन आहेत आणि वंशाच्या प्रश्नांवर अधिक कडवे आहेत, असं त्यांना आढळलं. त्यांचं स्पष्टीकरण लक्षात ठेवण्याजोगं आहे. गुलामगिरी संपल्यावर स्वस्त मजूर आणि राजकीय वर्चस्व हातून जाईल, या भीतीनं जमीनदारांनी कायदे, शाळा, मतदानाचे नियम आणि दहशत यांची एक व्यवस्था उभी केली. ती व्यवस्था कायद्यानं मोडली गेली, पण तिनं घडवलेल्या समजुती घराघरांतून पुढच्या पिढ्यांकडे गेल्या.

चर्चचा बाक आणि मतदानाची रांग

उत्तरेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भांडण वेगळं होतं. १९७०च्या आसपास पॉल क्लेपनर आणि रिचर्ड जेन्सन या इतिहासकारांनी मध्यपश्चिमेतली गावोगावची जुनी मतमोजणी चर्चच्या नोंदींशी ताडून पाहिली. तेव्हा मतदाराच्या उत्पन्नापेक्षा त्याचा पंथ त्याचं मत अधिक नेमकं सांगतो, असं दिसून आलं. मेथडिस्ट, काँग्रेगेशनल यांसारखे सुधारणावादी पंथ माणसाला पापापासून वाचवण्यासाठी कायदा वापरायला तयार होते. दारूबंदी, रविवारची बंधनं, इंग्रजी शाळा हे त्यांचे विषय आणि रिपब्लिकन हा त्यांचा पक्ष. कॅथलिक आणि विधींना मानणारे जर्मन लूथरन यांना सरकारनं आपल्या घरात आणि बिअरच्या पेल्यात डोकावणं मान्य नव्हतं. कॅथलिक तर डेमोक्रॅटिक पक्षाचा कणाच होते.

१८८९ साली विस्कॉन्सिननं बेनेट कायदा केला. शाळांमध्ये ठरावीक विषय इंग्रजीतूनच शिकवले पाहिजेत, असं त्यात होतं. जर्मन कॅथलिक आणि जर्मन लूथरन ही एरवी एकमेकांच्या वाऱ्याला उभी न राहणारी मंडळी आपल्या शाळांसाठी एकत्र आली. १८९०च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाचा धुव्वा उडाला, डेमोक्रॅट जॉर्ज पेक गव्हर्नर झाले आणि पुढच्याच वर्षी कायदा रद्द झाला.

त्याआधी १८८४ साली एका वाक्यानं अध्यक्षपद गेल्याचं मानलं जातं. न्यूयॉर्कमधल्या सभेत रिपब्लिकन उमेदवार जेम्स ब्लेन यांच्यासमोर सॅम्युएल बर्चर्ड या धर्मोपदेशकानं डेमोक्रॅटिक पक्षाला दारू, पोपचा धर्म आणि बंडखोरी यांचा पक्ष म्हटलं. ब्लेन यांची स्वतःची आई आयरिश कॅथलिक होती. पण त्यांनी तिथल्या तिथं हरकत घेतली नाही. आयरिश वस्त्यांमध्ये ती बातमी वाऱ्यासारखी पसरली. न्यूयॉर्क राज्य ब्लेन हजार-अकराशे मतांनी हरले आणि त्याबरोबर अध्यक्षपदही.

आयरिशांची कहाणी या विषयात सर्वांत शिकवणारी आहे. १८४५नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळातून जीव वाचवून आलेल्या या लोकांकडे पैसा नव्हता. इंग्रजी भाषा, संख्या आणि पॅरिश, म्हणजे चर्चभोवती जमलेली वस्ती, मात्र होती. न्यूयॉर्कच्या टॅमनी हॉल या डेमोक्रॅटिक संघटनेनं त्यांना नोकरी, कोळसा, जामीन आणि नागरिकत्वाचे कागद दिले, आणि त्यांनी तिला मतं दिली. चर्च, कामगार संघटना आणि वॉर्डातला पक्षाचा माणूस या तीन आधारांवर एक अभेद्य मतपेढी उभी राहिली. १९२८ साली अल स्मिथ हे मोठ्या पक्षाचे पहिले कॅथलिक अध्यक्षीय उमेदवार झाले. ते हरले, दक्षिणेतली अनेक प्रोटेस्टंट राज्यं पक्ष सोडून गेली. पण मोठ्या शहरांतले स्थलांतरित प्रथमच एकगठ्ठा डेमोक्रॅटिक पक्षाकडे वळले. १९६० साली जॉन केनेडी यांना ह्यूस्टनमध्ये प्रोटेस्टंट धर्मोपदेशकांसमोर उभं राहून आपण पोपच्या आदेशानं चालणार नाही, असं सांगावं लागलं. गॅलपच्या मोजणीनुसार त्या वेळी ७८ टक्के कॅथलिकांनी त्यांना मत दिलं.

त्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी जॉन केरी हे दुसरे जॉन, तेही मॅसॅच्युसेट्सचेच कॅथलिक, उमेदवार होते. कॅथलिकांची अधिक मतं मेथडिस्ट जॉर्ज बुश यांना मिळाली. मधल्या काळात धर्म बदलला नव्हता, पत्ते बदलले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिकांना शिक्षण आणि घरकर्ज देणाऱ्या कायद्यानं आयरिश, इटालियन आणि पोलिश कुटुंबं जुन्या वस्त्यांतून उपनगरांत गेली. डेट्रॉइटला लागून असलेल्या मॅकोम कौंटीत मोटार कारखान्यांतले कॅथलिक कामगार राहत. १९६० साली तिनं केनेडींना ६३ टक्के मतं दिली आणि १९८४ साली रोनाल्ड रेगन यांना ६६ टक्के. पॅरिश, संघटना आणि वॉर्ड हे तिन्ही आधार सैल झाले, तशी मतपेढीही सैल झाली.

पुसले गेलेले आणि टिकलेले

जर्मन वंशाच्या अमेरिकनांची संख्या २०२०च्या जनगणनेत साडेचार कोटी होती. इंग्रज वंश सांगणाऱ्यांच्या थोडीच खाली. तरीही ‘जर्मन मत’ असं आज कोणी म्हणत नाही. पहिल्या महायुद्धात या समाजावर संशयाची कुऱ्हाड कोसळली. आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी १९१८ साली शाळा, चर्च, सार्वजनिक जागा आणि टेलिफोनवरही परकी भाषा बोलायला बंदी घातली. जर्मन वर्तमानपत्रं बंद पडली, रस्त्यांची नावं बदलली गेली. मनात राहिलेला सल मात्र एकदा मतपेटीत उतरला: दुसऱ्या युद्धाच्या उंबरठ्यावर, १९४० साली, मध्यपश्चिमेतल्या जर्मन कौंट्यांनी रूझवेल्टकडे मोठ्या प्रमाणावर पाठ फिरवली. सॅम्युएल लुबेल यांनी १९५२ साली ही गोष्ट उघड केली. त्यानंतर जर्मन ओळख बिअरच्या उत्सवांपुरती उरली.

नॉर्वेजियन लोकांनी एकाच वारशाची दोन फळं दाखवली. नॉर्थ डकोटात धान्याच्या व्यापाऱ्यांनी आणि रेल्वेनं नाडलेल्या शेतकऱ्यांनी १९१५ साली नॉनपार्टिझन लीग काढली आणि १९१९ साली राज्याच्या मालकीची बँक उभारली. ती बँक आजही चालू आहे. शेजारच्या मिनेसोटात स्कँडिनेव्हियन शेतकरी आणि कामगार यांनी फार्मर-लेबर पक्ष बांधला. १९४४ साली तो डेमोक्रॅटिक पक्षात विलीन झाला आणि त्या परंपरेतून ह्यूबर्ट हंफ्री आणि वॉल्टर माँडेल पुढे आले. मिनेसोटानं १९७६पासून प्रत्येक वेळी डेमोक्रॅटिक अध्यक्षीय उमेदवार निवडला. नॉर्थ डकोटानं १९६८पासून प्रत्येक वेळी रिपब्लिकन. एकीकडे मोठं शहर, संघटित कामगार आणि जिवंत पक्षयंत्रणा. दुसरीकडे विरळ वस्ती, शेती आणि पुढे खनिज तेल. आजोबांचा देश दोघांचाही एकच.

सर्वांत एकसंध मतदान कृष्णवर्णीयांचं, आणि ते एकसंध का आहे हे समजल्याशिवाय हा विषय समजत नाही. लिंकनच्या पक्षाशी असलेली त्यांची निष्ठा महामंदीपर्यंत टिकली. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय दक्षिण सोडून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत गेले. तिथं त्यांना मत देता येत होतं. रूझवेल्टच्या काळात बहुसंख्य डेमोक्रॅटिक पक्षाकडे वळले, तरी १९६० साली रिचर्ड निक्सन यांना त्यांची जवळपास तिसरा हिस्सा मतं मिळाली होती. १९६४ नंतर हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास घसरलं आणि बराच काळ तिथंच राहिलं.

राज्यशास्त्रज्ञ मायकेल डॉसन यांनी १९९४ साली याचं कारण असं सांगितलं की माझं बरंवाईट माझ्या समाजाच्या बऱ्यावाइटाशी बांधलेलं आहे, ही जाणीव सुखवस्तू कृष्णवर्णीयांमध्येही पक्की आहे. इस्माईल व्हाइट आणि क्रिल लेअर्ड यांनी २०२० साली त्यात भर घातली. विचारांनी सनातनी असलेले अनेक कृष्णवर्णीयही डेमोक्रॅटिक पक्षाला मत देतात, कारण चर्च, शाळा, महाविद्यालयं आणि शेजार यांचा एकजुटीचा आग्रह त्यांच्यापर्यंत पोचतो. शतकानुशतकं ज्यांना संख्येखेरीज दुसरं शस्त्र नव्हतं, त्यांनी ते शस्त्र विखुरू दिलं नाही. अटलांटाच्या ज्या एबेनेझर चर्चमध्ये मार्टिन ल्यूथर किंग प्रवचन देत, त्याच चर्चचे पाद्री राफाएल वॉर्नॉक २०२१पासून जॉर्जियाचे सेनेटर आहेत.

गोऱ्यांचंही असं एक स्थलांतर झालं, मात्र त्याची चर्चा कमी होते. विसाव्या शतकात कृष्णवर्णीयांहून अधिक गोरे दक्षिण सोडून उत्तरेला आणि पश्चिमेला गेले. सॅम्युएल बाझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, ज्या कौंट्यांत ते स्थिरावले तिथं त्यांची इव्हँजेलिकल चर्च आणि रेडिओ वाढले आणि पुढे त्या कौंट्या रिपब्लिकन पक्षाकडे अधिक झुकल्या. लाल रंग दक्षिणेच्या सीमेबाहेर कसा पसरला, याचं एक उत्तर इथं मिळतं.

१९६५नंतरचे नवे वारसदार

१९६५च्या कायद्यानं देशवार कोटा संपला आणि त्यानंतर लॅटिन अमेरिका आणि आशिया इथून येणाऱ्यांची संख्या वाढली. सर्वेक्षणं या नव्या नागरिकांना ‘हिस्पॅनिक’ आणि ‘आशियाई’ अशा दोन मोठ्या रकान्यांत टाकतात, आणि अंदाज चुकण्याची सुरुवात तिथूनच होते. मायामीतले क्यूबन कॅस्ट्रोच्या क्रांतीतून पळालेले. क्यूबावरच्या १९६१च्या ‘बे ऑफ पिग्स’ मोहिमेत केनेडींनी ऐनवेळी हात आखडता घेतला, हा राग त्यांनी पुढच्या पिढीला दिला. कॅलिफोर्नियात वेस्टमिन्स्टरच्या परिसरात वसलेले व्हिएतनामी १९७५ साली सैगॉन पडल्यावर आलेले. आशियाई गटांत रिपब्लिकन पक्षाकडे सर्वाधिक कल त्यांचाच. कम्युनिझमविरोध हा या दोघांच्या घरातला पहिला धडा. प्वेर्तो रिकोचे लोक मात्र १९१७पासून जन्मानंच अमेरिकी नागरिक. स्थलांतराच्या कायद्याची त्यांना कधी धास्तीच नव्हती.

टेक्सासच्या मेक्सिको सीमेवरच्या स्टार कौंटीत ९५ टक्क्यांहून अधिक लोक हिस्पॅनिक आहेत. २०१६ साली तिथं हिलरी क्लिंटन यांना ७९ टक्के मतं मिळाली. २०२४ साली ट्रम्प यांनी ती कौंटी जिंकली. १८९२नंतर तिथं रिपब्लिकन उमेदवार जिंकण्याची ही पहिलीच वेळ. महागाई, तेलक्षेत्रातल्या आणि सीमारक्षक दलातल्या नोकऱ्या, पिढ्यान्‌पिढ्या टेक्सासचे असल्याची भावना यांनी जुन्या पक्षनिष्ठेवर मात केली.

मिशिगनमधलं डिअरबॉर्न फोर्डच्या कारखान्याभोवती वाढलेलं शहर. निम्म्याहून अधिक रहिवासी अरब मुळाचे. २००० साली मुस्लिम संघटनांच्या एका मोठ्या आघाडीनं जॉर्ज बुश यांना पाठिंबा दिला होता. ११ सप्टेंबर २००१नंतरचा संशय आणि इराक युद्ध यांनी हा समाज डेमोक्रॅटिक पक्षाकडे ढकलला. २०२४ साली गाझाच्या युद्धानं तोही धागा तुटला. डिअरबॉर्नमध्ये ट्रम्प यांना ४२ टक्के, कमला हॅरिस यांना ३६ टक्के आणि ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांना १८ टक्के मतं पडली.

भारतीयांची संख्या आता पन्नास लाखांच्या घरात आहे. १९२३ साली सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंड यांना नागरिकत्व नाकारलं होतं. १९४६च्या कायद्यानं ते दार उघडलं आणि दहा वर्षांत, १९५६ साली, दलीपसिंग सौंद कॅलिफोर्नियातून काँग्रेसवर निवडून गेले. कार्नेगी संस्थेच्या पाहणीत २०२० साली ७२ टक्के भारतीय मतदार जो बायडन यांच्या बाजूचे होते. २०२४ साली ६१ टक्के हॅरिस यांच्या बाजूचे उरले, आणि तेही हॅरिस यांची आई चेन्नईची असताना. तिकडे रिपब्लिकन उपाध्यक्षपदाचे उमेदवार जे. डी. व्हान्स यांच्या पत्नी उषा या तेलुगू घरातल्या, आणि व्हान्स स्वतः त्याच केंटकीच्या डोंगरातल्या कुटुंबातले.

मराठी आणि महाराष्ट्रात वाढलेल्या माणसांनीही या राजकारणात आपली जागा घेतली आहे. चिकोडीत जन्मलेले आणि बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ साली डेट्रॉइटमधून काँग्रेसवर निवडून आले. बहुसंख्य कृष्णवर्णीय असलेल्या या शहराला १९५५पासून काँग्रेसमध्ये सतत कृष्णवर्णीय प्रतिनिधी होता. पक्षांतर्गत निवडणुकीत अनेक कृष्णवर्णीय उमेदवारांत मतं विभागली गेली आणि ही परंपरा खंडित झाली. पुण्यात जन्मलेल्या आणि मुंबईत वाढलेल्या क्षमा सावंत यांनी सिॲटल नगर परिषदेत २०२३च्या फेब्रुवारीत जातीवर आधारित भेदभावाला बंदी घालणारा कायदा मंजूर करून घेतला. अमेरिकेतल्या शहरात असं प्रथमच घडलं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं असंच विधेयक मंजूर केलं, पण गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी ते नाकारलं. दोन्ही ठिकाणी भारतीय समाज दुभंगला. जात सोबत आली नाही असं म्हणणारे आणि ती सोसणारे, दोघंही एकाच विमानानं आले होते. बाहेरून एक दिसणाऱ्या गटात वारशाच्या किती रेघा असतात, हे मराठी वाचकाला यापेक्षा जवळून कुठलं उदाहरण सांगणार?

हिशोब

या सगळ्या पुराव्यांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा वर येते. वारसा रक्तातून आपोआप वाहत नाही. त्याला वाहून नेणाऱ्या संस्था लागतात: चर्च, शाळा, कामगार संघटना, वर्तमानपत्र, शेजार, पक्षाचा स्थानिक कार्यकर्ता. कृष्णवर्णीयांची एकजूट त्यांच्या चर्च आणि संघटना जिवंत आहेत म्हणून टिकली. आयरिशांची उपनगरात विरली. जर्मनांची सरकारनं आणि शेजाऱ्यांनी मोडली. ॲपलेशियात खाणी बंद झाल्या, संघटना संपल्या, आणि वेस्ट व्हर्जिनियासारखं १९८८ सालीही डेमोक्रॅटिक राहिलेलं राज्य २०१६ साली ट्रम्प यांना ६८ टक्के मतं देऊन मोकळं झालं. एलियट कौंटी त्याच वाटेनं गेली. पूर्व टेनेसीला पक्ष बदलावाच लागला नाही. दीडशे वर्षं विरुद्ध बाजूंना उभे असलेले भाऊबंद २०१६ साली एका रांगेत आले.

या रिकाम्या जागेत आज नवी रेघ उमटली आहे, पदवीधर आणि बिगरपदवीधर यांच्यातली. ती गोऱ्यांमध्ये आधी दिसली. आता हिस्पॅनिक आणि आशियाई मतदारांतही दिसू लागली आहे. २०२४च्या मतदानोत्तर पाहणीत ट्रम्प यांना हिस्पॅनिकांची ४६ टक्के मतं मिळाल्याचं दिसलं. वंशावर आधारलेल्या मतपेढ्या गृहीत धरून पन्नास वर्षं निवडणुका लढवणाऱ्या डेमोक्रॅटिक पक्षाला याचा सर्वांत मोठा फटका बसला, आणि त्या निकालानं खुशीत आलेल्या रिपब्लिकन पक्षालाही हे मतदार कायमचे मिळालेले नाहीत. मिशिगनमध्ये आणि टेक्सासच्या सीमेवरच्या रिओ ग्रांदच्या खोऱ्यात जे एका निवडणुकीत आले, ते पुढच्या निवडणुकीत जाऊही शकतात. म्हणून अमेरिकेचे पुढचे निकाल वाचताना ‘हिस्पॅनिकांनी असं केलं, आशियाईंनी तसं केलं’ या मथळ्यांवर थांबू नये. कौंटीचं नाव पाहावं, तिथं कोण केव्हा आलं ते पाहावं, आणि त्यांची कोणती संस्था अजून दिवा लावून बसली आहे ते शोधावं.